हात न आपटणारी मुलगी

काल संध्याकाळी क्लासच्या शेडसमोरून या हंगामातला उसाचा पहिला ट्रॅक्टर गेला. मागं दोन ट्रॉल्या, त्यांवर माणसाच्या दुप्पट उंच रचलेला ऊस, आणि ड्रायव्हरच्या पाठीशी बांधलेल्या साऊंडवर कसलंसं गाणं. पत्रे थरथरले. गादीवर ओळीत बसलेली मुलं एकमेकांकडं बघून हसली. आता मार्चपर्यंत रोज हेच चालायचं. कारखाना सुरू झाला की दोन-तीन दिवसांत मळीचा वास येतो, आधी गोड, मग आंबूस. थंडी त्या वासाला जमिनीशी धरून ठेवते. गावातल्या बाकीच्यांना त्या वासात सुगी दिसते, लग्नसराई दिसते. मला मात्र तो आला की हातातलं काय असेल ते सैल पडतं. कुणाचा दंड धरलेला असला तर सोडते. चहाचा कप असला तर खाली ठेवते.

आमचं गाव वाईहून साताऱ्याकडं जाताना लागतं. गावाबाहेर रस्त्याला लागून आमचं पोल्ट्रीचं शेड होतं. वडील, म्हणजे आबा, फौजेतून रिटायर होऊन आले तेव्हा त्यांनी कोंबड्या काढून टाकल्या आणि तिथं ज्युदोचा क्लास सुरू केला. पहिल्या गाद्या त्यांनी स्वतः शिवल्या होत्या. आत भुसा, वर ताडपत्री. फोमच्या निळ्या गाद्या पुष्कळ वर्षांनी आल्या. दमट हवेत अजूनही भिंतींतून कोंबड्यांचा वास येतो. कुस्तीच्या मुलखात ज्युदो शिकवायचा म्हणजे हसू होणारच. पारावरची माणसं त्याला पायजम्यातली कुस्ती म्हणायची. आबा रागावत नसत. ते म्हणायचे, "कुस्तीत पडला तो हरला. माझ्याकडं आधी पडायला शिकवतो."

पहिली विद्यार्थिनी मीच होते. सहा वर्षांची. एकोणिसाव्या वर्षी मी खेळणं सोडलं, त्याचं कारण कुणाला सांगितलं नाही, आणि पुण्याला निघून गेले. तिथं एका ऑफिसात इमारतींचे नकाशे काढायचं काम करत होते. चौथ्या मजल्यावर खिडकीजवळचं टेबल होतं. माझ्या कामात कुणाच्या अंगाला हात लावावा लागत नव्हता, याचंच मला सुख वाटायचं.

चार वर्षांपूर्वी दिवाळी झाली आणि आबांची उजवी बाजू गेली. साताऱ्याच्या दवाखान्यात बारा दिवस काढून आम्ही त्यांना घरी आणलं. जीव वाचला, पण बोलणं गेलं. सगळं नाही, एक शब्द तेवढा राहिला. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, मेंदूत एखादाच शब्द तग धरून राहतो. आबांकडं राहिलेला शब्द होता 'परत'. तीस वर्षं गादीवर उभं राहून त्यांनी तोच शब्द सगळ्यांत जास्त वापरला होता. डाव चुकला, परत. बरोबर आला, तरी परत. आता पाणी पाहिजे असलं की ते परत म्हणायचे, उशी वर घ्या म्हणायला परत, दिवा घालवा म्हणायला परत. आपल्या तोंडून भलताच शब्द गेला हे त्यांना कळायचं. मग ते डोळे मिटून घ्यायचे.

मी पंधरा दिवसांची रजा काढून आले होते. दादा फौजेत, त्या वर्षी तो सरहद्दीच्या बाजूला होता. रविवारी फोन करायचा आणि शेवटी न चुकता म्हणायचा, "तू हायेस म्हणून मी इथं निवांत झोपतो बघ." प्रेमानंच म्हणायचा. त्या वाक्यानंतर काही बोलायला जागाच उरायची नाही. आईनं तर राहा असंही म्हटलं नाही. पहिले आठ-दहा दिवस विचारायची, कवा जायचंय तुला? मग तिनं विचारणंच सोडलं. एके दिवशी पाहिलं तर कपाटातला वरचा कप्पा रिकामा करून तिनं माझे कपडे घडी घालून लावले होते. मी बॅग उघडली. तिच्यात फक्त चार्जर होता.

क्लास बंद करायचा असंच मी ठरवलं होतं. पण संध्याकाळचे सहा वाजले की आबा अस्वस्थ व्हायचे, डाव्या हातानं दाराकडं खुणा करायचे. त्यांना खुर्चीत घालून शेडमध्ये नेलं की शांत व्हायचे. तिथं मुलं येऊन बसलेली असायची. वीसेक होती. कुणी त्यांना या म्हटलं नव्हतं, नका येऊ असंही म्हटलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी दारात उभी राहिले. दुसऱ्या दिवशी चपला काढून आत गेले. तिसऱ्या दिवशी आबांचं जॅकेट घालून गादीवर उभी होते. बाह्या माझ्या बोटांच्या खाली येत होत्या.

माणूस पडतो कसा, यावरून त्याचा स्वभाव कळतो असं आबा म्हणायचे. ज्युदोत पडताना गादीवर हात आपटायचा असतो, म्हणजे दणका हातातून निघून जातो आणि डोकं वाचतं. तो आवाज प्रत्येकाचा वेगळा असतो. त्या वीस जणांतल्या तिघांचे आवाज माझ्या कानात अजून तसेच आहेत.

एक रणजित. मेढ्याच्या वरच्या अंगाला त्याचं गाव, आमच्या गावात मामाकडं राहायचा आणि दिवसा मामाचा उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. एकवीस वर्षांचा, दारातून आत आला की शेड लहान वाटावं असा धिप्पाड. तो पडायचा ते गादीवर राग काढल्यासारखा. धूळ उडायची.

दुसऱ्या सुनंदाताई. वाईच्या डेपोत कंडक्टर, वय बेचाळीस. पहिल्याच दिवशी त्यांनी आबांना सांगितलं होतं म्हणे, "मला कुणाला पाडायचं न्हाई. पडायचं कसं तेवढं शिकवा. गाडीच्या पायरीवरनं दोनदा आपटलेय, तिसऱ्यांदा दात जातील." त्या बोलत बोलत पडायच्या. वाक्य उभ्यानं सुरू व्हायचं आणि आडवं होऊन संपायचं.

तिसरी संध्या. अकरावीत होती, गावातलीच. अंगानं काटकुळी, पण तिच्याइतका स्वच्छ डाव कुणाचा नव्हता. पाय नेमका पडायचा, कंबर नेमकी वळायची, आणि समोरचा आता पडणार असं वाटलं की नेमकी ती थांबायची. दुसऱ्याच्या उंबऱ्याशी येऊन आत येऊ का विचारल्यासारखी. चुकून कुणी पडलंच तर "सॉरी" म्हणायची. ती स्वतः पडायची तेव्हा आवाजच यायचा नाही. पडतानासुद्धा कुणाला त्रास नको, असं काहीतरी तिच्या अंगात होतं.

आबा या तिघांना कसं शिकवायचे हे मला ठाऊक नव्हतं. मी कुणाला विचारलंही नाही. मला एकच पद्धत माहीत होती. आबांनी मला शिकवलं ती. डाव लावायला शंभर वेळा समोरच्याच्या आत घुसायचं, शंभर वेळा बाहेर यायचं, चुकलं तर पहिल्यापासून. मी सगळ्यांना तेच दिलं. रणजितला तेच, सुनंदाताईंना तेच, संध्यालाही तेच. आकडे म्हणत मी गादीच्या कडेनं फिरायचे. पत्र्याखाली गारठा उतरायचा, मुलांच्या तोंडातून वाफ निघायची, बाहेरून एकामागून एक ट्रॅक्टर जायचे. मी मनात दिवस मोजायचे. जानेवारीच्या शेवटी सांगलीला विभागीय स्पर्धा होती. रणजित आणि संध्या दोघांची नावं आबांनी आजारी पडण्याआधीच पाठवली होती. एवढी स्पर्धा करायची आणि सुटायचं, असं मी ठरवलं. सांगलीहून परस्पर पुण्याला. शेडची किल्ली आईकडं.

संक्रांतीच्या तीन-चार दिवस आधीची गोष्ट. दुपारी पुण्याहून ऑफिसचा फोन आला. साहेब चांगले होते. म्हणाले, तुमचं टेबल मी अजून कुणाला दिलेलं नाही, पण एक तारखेला तुम्ही हजर नसलात तर द्यावं लागेल. मी म्हटलं, येते. फोन ठेवला आणि मागं वळले तर आई दारात उभी होती. ती आत जाऊन भाकरी थापायला लागली. थापण्याचा आवाज रोजच्यापेक्षा मोठा नव्हता, लहानही नव्हता. तरी मला तो सहन होईना.

संध्याकाळी तसंच मन घेऊन मी गादीवर गेले; शेडमध्ये मळीचा आंबूस वास भरला होता. संध्या रणजितबरोबर सराव करत होती. आत घुसायची आणि थांबायची. घुसायची आणि थांबायची. मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा आवाज चढला. तिनं सॉरी म्हटलं. त्या सॉरीनं माझं डोकं फिरलं. म्हटलं, ये इकडं, आज तुला लढायला शिकवते. मी तिला खाली घेतलं आणि हाताला कुलूप घातलं. आबांनी जपानी नावं कधी वापरली नाहीत. समोरच्याचा हात आपल्या दोन्ही पायांत धरून कोपर उलट ताणायचं, त्याला आमच्याकडं कुलूप म्हणतात. त्यातून एकतर जोर लावून सुटायचं, नाहीतर मोकळ्या हातानं गादीवर दोनदा आपटायचं. आपटलं की समोरच्यानं त्या क्षणी सोडायचं. हा एक नियम पाळला की बाकी कसलीच भीती नाही. लहान मुलांना आम्ही पहिला तोच शिकवतो.

मी हळूच ताणलं. तिच्या मोकळ्या हाताकडं बघत होते. हात गादीवर पडून होता, तळवा वर. मी म्हटलं, सुट. ती सुटायची काही खटपट करेना. चेहऱ्यावर अर्धवट हसू होतं, पाहुण्यांसमोर असतं तसं. मग आबांचा आवाज आला.

"परत."

सहाव्या वर्षापासून या शब्दावर माझं अंग चालत आलं होतं. मी पकड सोडली, पुन्हा घेतली, आधीपेक्षा घट्ट.

"परत. परत."

ते ओरडत होते, आणि डाव्या हातानं खुर्चीच्या दांड्यावर मारत होते. दोनदा. थांबून पुन्हा दोनदा. मला वाटलं, ते जोर लावायला सांगतायत. मी पाठीतून मागं रेलले. टक असा बारीक आवाज झाला. तो मला कानानं ऐकू येण्याआधी मांडीला कळला.

संध्या ओरडली नाही. तिचा चेहरा पांढरा झाला आणि ती म्हणाली, "सॉरी मॅडम."

रणजितनं तिला उचललं. कुणाची तरी जीप रस्त्यावर थांबवली आणि आम्ही तिला वाईला नेलं. कोपर निखळलं होतं. डॉक्टरांनी ते बसवलं, प्लास्टर घातलं आणि मला एकच प्रश्न विचारला, हिनं सांगितलं नाही का दुखतंय म्हणून?

बाहेरच्या बाकावर सुनंदाताई येऊन बसल्या. डेपोतून तशाच युनिफॉर्मवर आल्या होत्या. खांद्यावरची कातडी पिशवी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. मग म्हणाल्या, "वैशाली, आबा संध्याला कवा धरायचेच न्हाईत. आपण खाली झोपायचे आन तिला म्हनायचे, तू धर मला. महिनोन्महिने तेच चाललं हुतं. तिला आधी धरायची सवय लागू दे म्हनायचे."

आणि मग मला खुर्चीच्या दांड्यावर पडणारा तो डावा हात आठवला. दोनदा, थांबून दोनदा. आबा तिच्या वतीनं आपटत होते. 'सोड' म्हणायला त्यांच्याकडं शब्द नव्हता. तोंडातून येत होता तो नेमका उलटा शब्द होता, हे त्यांना कळत होतं, आणि म्हणून ते हातानं सांगत होते. शेडमध्ये वीस जण होते. ती खूण सगळ्यांत आधी मला कळायला हवी होती.

घरी आले तेव्हा आबा भिंतीकडं तोंड करून पडले होते. मी त्यांच्या पायाशी बसले. ते वळले नाहीत. आम्ही दोघं एकाच खोलीत दोन कोंडवाड्यांत होतो.

भोगीच्या दिवशी संध्याची आई आमच्याकडं आली. शालनकाकी. त्यांचे मालकही फौजेत, तेव्हा दूर कुठंतरी होते. शेजारच्या दोघी-तिघी काम काढून आमच्या अंगणात आल्या. आता भांडण होणार असं सगळ्यांनाच वाटत होतं. शालनकाकी सरळ स्वयंपाकघरात आल्या आणि पाटावर बसल्या. आईनं तीळ लावलेली भाकरी आणि भोगीची भाजी वाढली. त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली, पाणी प्यायल्या, आणि माझ्याकडं बघितलं.

"चूक कुनाची त्ये बघाया मी आली न्हाई," त्या म्हणाल्या. "तिनं ही सवय माझीच उचललीया. माझं बोट विळ्यानं कापलं तवाबी मी जेवण उरकून मग फडकं बांधलं. ती बघत हुती. मला एवढंच सांग, हितनं फुडं तिला कवा दुखतंय त्ये तुला कळंल का?"

कळेल, असं म्हणणं सोपं होतं. आई माझ्याकडं बघत होती.

"माहीत नाही काकी," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. "खरं बोललीस. हात बरा झाला की पाठवते तिला."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी सुटले असते. बॅग भरून, मान खाली घालून निघून गेले असते आणि गाव मला विसरलं असतं. पण त्या पाठवते म्हणाल्या. दादाच्या वाक्यापेक्षा, आईच्या कपाटापेक्षा हे कुलूप घट्ट होतं, कारण त्याला जोर लावणारं कुणीच नव्हतं.

सांगलीला मी रणजितला घेऊन गेले. सुनंदाताई रजा टाकून बरोबर आल्या. तिकडं हवा उबदार होती, थंडी आमच्याकडंच राहिली होती. स्पर्धेच्या हॉलच्या मागं थोडं चाललं की कृष्णा होती. वाईच्या घाटाशी मुलं पायानं पाणी उडवतात तीच ही नदी, पण इथं ती एवढी रुंद आणि संथ होती की ओळखू येऊ नये. मी काठावर उभी राहून मनात म्हटलं, ही आमच्या गावाजवळून निघाली आणि इथवर आली. तिला कुणी विचारलं नाही. मला हेवा वाटला, नदीचा.

पहिली लढत रणजितनं चाळीस सेकंदांत मारली. दुसऱ्या लढतीत समोरचा त्याच्याहून बारीक होता. त्यानं रणजितला खाली घेऊन छातीवर दाबलं आणि रणजितनं क्षणात हात आपटून हार मानली. अजून दुखलं नव्हतं, श्वास कोंडला नव्हता, लढायला भरपूर वेळ होता. हॉलमधले लोक हसले. तो गादीवरून उतरला तो थेट जिन्याखाली जाऊन बसला.

परतीच्या एस.टी.त कराडपर्यंत तो खिडकीबाहेर बघत होता. सुनंदाताईंनी भडंगाची पुडी पुढं केली, ती त्यानं घेतली नाही. कराड सोडल्यावर एकदम म्हणाला, "ताई, संध्यानं हात का न्हाई आपटला?"

मी म्हटलं, "तुला काय वाटतं?"

"मला न्हाई कळत. माझा तर लगीच जातो. अंगावर कुणी आलं की मला वाटतं आता ह्यातनं निघायचंच न्हाई. जीव घाबरतो. आबास्नी ठावं हुतं. ते दाबायचे तवा माझ्या कानात हळूच आकडे म्हनायचे. वीसपतूर थांब, मग आपट. मग तिसापतूर." त्यानं माझ्याकडं बघितलं. "तुमी मोठ्यानं म्हनता."

एवढा दांडगा माणूस, आणि दोन महिने मी त्याला भित्र्यासारखा लढू नकोस म्हणून ओरडत होते. ओरडण्यानं त्याचा तिसाचा आकडा दहावर आला होता. सुनंदाताई शेजारी डोळे मिटून बसल्या होत्या. मला वाटलं झोपल्यात. त्या तशाच म्हणाल्या, "मला बोलताना गप बसा म्हनतेस बघ तू, तवा मी वाकडी पडते. बोलत असलं की अंग सैल ऱ्हातं माझं."

एक तारखेच्या आदल्या दिवशी मी पुण्याला फोन केला आणि येत नाही म्हणून सांगितलं. साहेबांनी विचारलं, कधीपर्यंत? मी म्हटलं, एका मुलीचा हात बरा होईपर्यंत. त्यांना ते कारण विचित्र वाटलं असावं. पण खरं तेच होतं. हात मार्चमध्ये बरा झाला. मग उन्हाळी सुट्टीची मुलं आली. मग आबांना पाठीला जखम झाली. मग पाऊस, मग नवीन वर्षाची मुलं, मग पुन्हा ऊस. मला कुणीही थांब म्हटलं नाही. लोक आता माझं कौतुक करतात, बापासाठी सगळं सोडून राहिली म्हणतात. ते ऐकताना मी मान खाली घालते आणि त्यांना ती नम्रता वाटते. राहणं वेगळं आणि निघायचं राहून जाणं वेगळं, हे कुणाला सांगू.

मार्चमध्ये हात बरा होऊन संध्या पहिल्यांदा क्लासला आली तेव्हा मी सगळ्यांना सरावाला लावलं आणि स्वतः गादीवर उताणी झोपले. म्हटलं, धर मला. तिनं धरलं, पण काचेचं भांडं धरावं तसं. रोज तेवढंच, पंधरा मिनिटं. तिच्या वजनाखाली पडून मी पत्र्याची भोकं बघायचे आणि तिच्याकडंही बघायचे. हळूहळू मला काही काही दिसायला लागलं. तिला त्रास व्हायचा तेव्हा हात नाही, पायाची बोटं आखडायची. नाकपुडीची एक बाजू हलायची. आणि चेहऱ्यावर ते पाहुण्यांपुढचं हसू आलं, की समजायचं उशीर झालाय. जूनमध्ये एके दिवशी तिनं मला खरंच धरलं. छातीवर असा भार आला की डोळ्यांपुढं अंधारी आली. मी हात आपटला. ती सोडून बाजूला झाली, आणि सॉरी म्हणाली नाही.

आता ती सांगलीला नर्सिंग शिकते. ज्युदो सोडला. मागं आली होती तेव्हा सांगत होती, पेशंट दुखत नाही म्हणाला तरी ती पायांकडं बघते. रणजितनं स्वतःचा ट्रॅक्टर घेतलाय. हंगाम संपला की क्लासला येतो आणि साठपर्यंत थांबतो. सुनंदाताई अजून बोलत पडतात. त्यांना गप बसा म्हणणं मी सोडलं.

आबांच्या तोंडात चार वर्षांत तीस-एक शब्द आलेत. आई रोज सकाळी त्यांच्याकडून घोकून घेते. पाणी, ऊन, चहा, नको. प्रत्येक शब्द ते विहिरीतून बादली ओढल्यासारखे वर काढतात. मागच्या आठवड्यात मी त्यांची अंगणात दाढी करत होते. ऊन नुकतंच भिंतीवरून उतरलं होतं. त्यांनी माझं मनगट धरलं आणि बाजूला केलं. अर्ध्या चेहऱ्याला साबण तसाच होता.

"तू," ते म्हणाले. मग बराच वेळ गेला. "आपटला. नाहीस."

मला वाटलं संध्याचं बोलतायत. मी म्हटलं, संध्या ना आबा? त्यांनी मान हलवली, नाही. डावा हात उचलून माझ्या उजव्या खांद्यावर ठेवला. नेमका तिथंच.

अठराव्या वर्षी तो खांदा आत कुठंतरी फाटला होता. वर्षभर तसाच घेऊन मी खेळले. रोज शंभर वेळा आत, शंभर वेळा बाहेर. आबा परत म्हणायचे आणि मी परत करायचे. दुखतंय म्हणून एकदाही सांगितलं नाही. मग एके दिवशी खेळणंच सोडून पुण्याला गेले. वीस पोरांचे वीस स्वभाव ओळखणारा माणूस घरातल्या पोरीपाशी चुकला होता. आणि ते त्यांना कळलं होतं. कधी, ते मला माहीत नाही. कदाचित त्या दिवशी, खुर्चीवर हात मारताना.

"मला," ते म्हणाले. "कळलं. नाही."

त्यांच्या गालावरचा साबण वाळायला लागला होता. वस्तरा माझ्या हातात तसाच होता, तो मी तांब्यात ठेवला. आणि मी म्हणाले, अगदी हळू, आईला ऐकू जाऊ नये म्हणून, "आबा, मला इथं गुदमरतंय."

ते बघत राहिले. मला वाटलं आता ते डोळे मिटून घेतील. त्यांनी मिटले नाहीत. ओठ हलत होते, जुळत होते, सुटत होते. गळ्याची शीर ताणलेली दिसत होती.

"जा," ते म्हणाले.

हा शब्द आईनं त्यांना घोकवलेला नव्हता.

मी विचारलं, "कुठं जाऊ?" खरंच विचारलं. चार वर्षांत पुण्यातलं ते टेबल गेलं होतं, खोली गेली होती, मैत्रिणींची लग्नं होऊन त्या पांगल्या होत्या. जायचं ते ठिकाणच माझ्यापाशी उरलं नव्हतं.

त्यांनी पुन्हा मान हलवली. "तू. सांग."

त्याला आज आठ दिवस झाले. मला अजून सांगता आलेलं नाही. रोज सकाळी उठल्यावर वाटतं, आज सुचेल. साताऱ्याला नकाशांचं काम मिळतं का ते एकाला विचारून ठेवलंय. आईला अजून काही बोललेले नाही.

पण काल, पहिला ट्रॅक्टर जाऊन पत्रे शांत झाल्यावर, मी नेहमीसारखी ओळीसमोर उभी राहिले आणि डाव दाखवायला रणजितच्या मामेबहिणीचं जॅकेट धरलं. थंडी वाढली की उजवा खांदा आतून ओढतो. दर वर्षी ओढतो. मी जॅकेट सोडलं.

"आज माझा खांदा दुखतोय," मी म्हणाले. "मी बसते."

आपल्या मास्तरणीलाही दुखतं, हे लहान मुलांना बहुतेक नवीन होतं. सुनंदाताई ओळीतून पुढं आल्या, पट्टा आवळत म्हणाल्या, "मग बस की. सांगितल्याबिगर आमाला काय स्वप्न पडनार हाय?" आणि मुलांकडं वळून त्यांनी आकडे म्हणायला सुरुवात केली. मधेच त्यांना डेपोतली एक गोष्ट आठवली, ती सांगता सांगता आठाचा आकडा राहून गेला. मुलं तरी पडत होती, एकामागून एक, प्रत्येक जण आपापल्या आवाजात. मी भिंतीशी रचलेल्या गाद्यांवर बसून ऐकत होते, आणि खांदा दुखत होता.